पट्टीखालच्या बांगड्या

दवाखान्याच्या भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं एक मोठं चित्र टांगलेलं होतं. आमच्या डाक्टरांनी ते मुंबईहून हौसेनं आणलं होतं. मोठी बाई सकाळी आली, की आधी त्या चित्रापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि त्याला म्हणायची, "तुहं बरं हाय बावा. डोक्यावर केस नाई, हातात बांगडी नाई, दात पांढरे फक. तुले कोनी काई बोलत नाई."

मग वळून माझ्याकडं बघायची. मी हसले तर तिचा दिवस बरा जायचा. पण मला बहुतेक वेळा हसू यायचं नाही. तोवर ओट्यावर डाक्टरांच्या बुटांचा आवाज आलेला असायचा.

हे अमरावतीचं सांगते आहे, कापसाच्या त्या वेड्या वर्षांतलं. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, असं लोक म्हणत. ते दिवस ज्यांच्या घरी आले असतील त्यांच्या घरी आले असतील. आमच्या दवाखान्यात कापसाचा नुसता तूस आला. दवाखाना बाजाराच्या वाटेवर होता. दिवसभर गाड्या जायच्या आणि तूस उडायचा. तो पाण्यात पडायचा, मलमाला चिकटायचा, आणि डाक्टरांच्या काळ्या डगल्यावर असा बसायचा, की बोलता बोलता ते चिमटीनं वेचून टाकत राहायचे.

डाक्टर पुण्याकडचे, मुंबईला शिकलेले. माणूस वाईट नव्हता. गळू फोडताना त्यांचा हात इतका हलका, की पोरंसुद्धा रडायची विसरत. पण त्यांना स्वच्छतेचं वेड होतं, आणि स्वच्छ दिसण्याचं त्याहून मोठं. रोज सकाळी ते आम्हा दोघींना ओट्यावर उभं करून न्याहाळायचे. आम्ही दोघी म्हणजे बायकांच्या खोलीतल्या बाया. आता त्यांना नर्स म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्या कानावरही आला नव्हता. ती मोठी बाई आणि मी धाकटी. मोठ्या बाईला नाव होतं, पण ते घेणारं माणूस मी एकही पाहिलं नाही.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णेच्या काठी भाजीचे वाफे करणाऱ्या माळ्याची लेक. लग्न होऊन अमरावतीला आले आणि नवरा तापानं गेला. सासरच्यांनी मला दवाखान्यात आणून सोडलं. डाक्टरांना हवी होती तशी बाई आयतीच मिळाली. पांढरं लुगडं, मोकळे हात, कोरं कपाळ.

"हिच्याकडे बघ," ते मोठ्या बाईला म्हणायचे. "कशी नीटनेटकी येते. नाहीतर तू. दवाखान्यात येतेस की लग्नघरी?"

मी मान खाली घालायचे. स्तुती ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

मोठी बाई एकदाच त्यावर बोलली. आवाज चढवला नाही की काही नाही. "डाक्टर, तिचा नवरा मेला म्हनून ते अशी दिसते. माहा जिता हाय."

डाक्टरांनी डगल्यावरचा तूस वेचायला घेतला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथं तर दोन्हीकडं पीळच होता.

मोठी बाई दिसायला कशी होती, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. उंच, हाडापेरानं मोठी, काळी कुळकुळीत. कपाळावर मेणावर लावलेलं रुपयाएवढं कुंकू. पायात जोडवी, ती फरशीवर वाजत. हातात मनगटापासून वरपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. आणि दात काळेभोर. आताच्या पोरींना नवल वाटेल, पण तेव्हा दातवण लावून दात काळे करणं हा सवाष्णीचा शृंगार होता. कुंकू आणि बांगड्यांबरोबर विधवेनं तोही सोडायचा असे. मोठी बाई दिवसाआड मन लावून दातवण लावायची आणि मग आठवणीनं हसून दाखवायची.

डाक्टरांना ते दात सहन होत नसत. एकदा ते म्हणाले, "हे दात माझ्यासमोर दिसता कामा नयेत."

तिनं मान डोलावली. त्या घडीपासून तिनं डाक्टरांपुढं तोंड उघडणं बंद केलं. डाक्टर विचारायचे, ताप उतरला का? ती मान हलवायची. औषध कधी दिलं? ती उन्हाच्या कवडशाकडं बोट दाखवायची, की ऊन तिथं होतं तेव्हा. रोगी काय म्हणते? यावर ती पोट धरून, डोळे फिरवून अख्खं दुखणं करून दाखवायची. बायकांच्या खोलीत डाक्टर स्वतः फारसे जात नसत, बायकाही त्यांना अंगाला हात लावू देत नसत. त्यामुळं त्यांचे डोळे आणि कान म्हणजे मोठी बाईच. चार-पाच दिवसांत ते टेकीला आले.

"बोल बाई," ते म्हणाले. "काळे तर काळे. पण बोल."

"मंग तसं म्हना ना," ती म्हणाली, आणि तुंबलेलं सगळं बोलून मोकळी झाली.

हुकूम मोडायचा नाही, इतका पाळायचा, की देणाऱ्यालाच नको व्हावं, ही तिची रीत होती. केसात तूस दिसतो म्हणून डाक्टर रागावले, तर तिनं धुवट फडक्याची रुंद पट्टी डोक्याभोवती भुवयांपर्यंत घट्ट बांधली, वरून पदर घेतला, आणि दाराच्या चौकटीवर मुद्दाम आपटत हिंडू लागली, दिसत नाही म्हणून; शेवटी डाक्टरांनीच ती सोडायला लावली. मला हसावं की रडावं ते कळेना. ती गेली तर माझं काय, हा घोर मला रात्रंदिवस होता. एकट्या विधवेला बायकांच्या खोलीत कोण येऊ देणार?

म्हाताऱ्या विधवा सुइणींचं चालून जायचं. पण माझ्यासारखी तरणी, नुकतं कपाळ पुसलेली, बाळंतिणीच्या आसपास नको, असं बायकांना वाटे. बाळंतिणीबरोबर आलेली सासू मला उंबऱ्यातच अडवायची. मी पाणी तापवावं, कपडे उकळावेत आणि दाराआड बसून आतलं कण्हणं ऐकावं. मोठी बाई आतून ओरडायची, "कुठी मेली व पोरी?" आणि लगेच तिच्याच ध्यानात यायचं. मग ती स्वतः बाहेर येऊन पाणी घेऊन जायची.

आता तिच्या नवऱ्याचं. तो गाडीवान होता. आगगाडी तेव्हा आमच्याकडं पोचली नव्हती. खानदेशात कुठंतरी तिचं टोक येऊन थांबलं होतं. तिथवर कापूस बैलगाडीनं न्यायचा. संक्रांतीनंतर तो मूर्तिजापूर, अकोला अशा वाटेनं गेला, की शिमग्याला परत यायचा. त्याच्या डाव्या बैलाच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, तडकलेली होती. बाकीच्या खणखणत, ही थडथड करायची. मोठी बाई हातातलं काम तसंच धरून कान टवकारायची. गाड्यांची रांग निघून गेली, की "नाई," असं म्हणून पुन्हा कामाला लागायची. ते "नाई" ती स्वतःलाच सांगायची.

त्या वर्षी शिमगा झाला आणि तो आला नाही. पाडवा झाला, तरी नाही. वाटेवर पटकी आहे, असं येणारे-जाणारे सांगत. गाड्यांच्या तळावर माणसं पडताहेत म्हणत. मोठी बाई ऐकून घ्यायची आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकवून कामाला लागायची. तिचं कुंकू मात्र त्या दिवसांत आणखी मोठं होत गेलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत तिच्या बांगडीचा एक टवका मलमाच्या फडक्यात सापडला. एका पोराच्या भाजलेल्या पाठीवर ते फडकं लावायचं होतं. डाक्टरांच्या बोटाला काच लागली म्हणून कळलं. ते नेहमीसारखे रागावले नाहीत. पांढरे पडले. मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

"अकोल्याहून मोठे साहेब दवाखाना बघायला येणार आहेत," ते म्हणाले. "त्या दिवशी या हातात काच दिसली, तर पुन्हा या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. हे माझं शेवटचं सांगणं."

खरं सांगायचं, तर त्यांचं चुकलं नव्हतं. ती काच पोराच्या पाठीत गेली असती. पण बांगड्या उतरवणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. कासाराकडं नवा चुडा भरतानासुद्धा एक जुनी बांगडी हातात ठेवतात. घडीभरही मनगट रिकामं ठेवायचं नाही. फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आणि जिचा नवरा वाटेवर आहे आणि वाटेवर पटकी आहे, तिनं आपल्या हातानं हात रिकामे करायचे?

पुढचे दिवस मोठी बाई त्या सांगाड्याशी बोलली नाही. मी वाट बघायचे, आज तरी म्हणेल, "तुहं बरं हाय बावा." ती नुसती पुढून निघून जायची. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली होती, आणि दवाखान्यातून मिळेल त्यावर दोघींचं पोट होतं. नोकरी गेली तर काय, हे तिलाही कळत होतं.

एकदा फडकी पिळता पिळता ती मला म्हणाली, "पोरी, तुह्या नवऱ्याच्या वक्ताले तू काई चुकली होती काय? व्रत-गित? बांगडी-गिंगडी?"

"नाई वो," मी म्हणाले. "सारं केलं होतं मी."

"तरी गेला."

"तरी गेला."

तिनं हातातलं फडकं झटकून वाळत टाकलं. मग म्हणाली, "तुह्यावर कोनाचा बोल नाई. पन म्या काढल्या, अन् तो तिकडं पडला, तं मी कोनाले तोंड दाखवू? मलेच कसं दाखवू?"

मी फडकं पिळत राहिले, ते कोरडं झालं तरी.

साहेब यायच्या दिवशी मी लवकर गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. बघते तर मोठी बाई माझ्याही आधी आलेली. तिच्यापुढं धुवट फडक्यांच्या पट्ट्यांचा ढीग. कापसाच्या मुलखात कापड महाग झालं होतं आणि दवाखान्यात पट्ट्या मोजून मिळत, म्हणून तिनं आपली जुनी लुगडी फाडून राखेच्या पाण्यात उकळली होती.

"हात कर," ती मला म्हणाली.

"मले कावून? माह्या हातात काय हाय?"

"हात कर म्हनलं ना."

तिनं माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. पक्की, एकसारखी, एखाद्या मोडलेल्या हाताला बांधावी तशी. मग स्वतःचे हात पुढं केले. बांगड्या अंगाशी सारख्या करून घेतल्या आणि म्हणाली, "आता मले बांध. पयला येढा ढिला ठेव, काच दबली नाई पायजे." मी बांधलं. एकेका बांगडीचा गोल पट्टीखाली लागायचा आणि वाटायचं, आत्ता फुटेल.

"डाक्टर पाहातीन ना," मी म्हणाले.

"एकलीनं बांधले तं चोरी. दोघीनं बांधले तं नेम." मग तिनं फडक्याची रुंद पट्टी आपल्या आणि माझ्याही कपाळावर बांधली आणि वर पदर ओढला.

डाक्टर आले ते साहेबाबरोबरच. आमच्याकडं बघून ते जागच्या जागी थांबले. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला. साहेब आमच्या हातांकडं बोट करून काहीतरी म्हणाला. मला इंग्रजीचा गंध नव्हता. मी डाक्टरांच्या ओठांकडं बघत होते. त्यांनी एकदा मोठ्या बाईकडं पाहिलं. ती नाकासमोर बघत उभी होती, आणि तिच्या उजव्या हाताचं बोट पट्टीच्या कडेशी चाळा करत होतं. तिला भिताना मी तेवढंच पाहिलं.

डाक्टर बोलू लागले. बरंच बोलले. साहेबानं मान डोलावली, मोठ्या बाईचा हात स्वतः वर धरून बघितला, पट्टी हुंगली, आणि पुन्हा मान डोलावली. काच वाजली नाही.

साहेब गेल्यावर डाक्टर खुर्चीत बसले आणि घाम पुसला. "मी सांगितलं, की आपल्याकडे बायकांनी हात बांधूनच काम करायचं असा नियम आहे. त्यांना फार आवडलं. ते अकोल्याच्या दवाखान्यातही लावणार म्हणतात." मग डगल्यावरचा तूस वेचत म्हणाले, "तेव्हा आता नियम झाला. रोज उकळलेली पट्टी हवी."

"चालते," मोठी बाई म्हणाली, आणि थेट जाऊन त्या सांगाड्यापुढं उभी राहिली. "पाह्य रे बावा. तुले लागतात काय पट्ट्या?"

त्या दिवशी मात्र मी पोटभर हसले.

पुढं जे झालं ते तिच्याही डोक्यात आलं असेल की नाही, सांगता येत नाही. माझे हात झाकले गेले होते, कपाळ झाकलं गेलं होतं. आलेल्या बायकांना आम्ही दोघी सारख्याच दिसू लागलो. कुणी मला उंबऱ्यात अडवेना. पहिल्यांदा आत गेले तेव्हा एक परतवाड्याकडची पोर अडली होती. तिनं कळ आल्यावर माझा हात पट्टीसकट असा आवळला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नाही. नवरा गेल्यापासून कुणी आपणहून माझा हात धरला नव्हता.

बायकांना त्या पट्ट्यांचा आणखीच वेगळा अर्थ लागला. दवाखान्याच्या बायांनी कसलासा नवस धरलाय, आणि ती पट्टी बांधली, की बाळंतीण सुखरूप सुटते, असं बाजारात पसरलं. एका आडत्याची बायको सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "इच्याबी हाताले बांधा वो बाई, तुमच्यासारखं." मोठ्या बाईनं गंभीर तोंड करून बांधलं. मग रांगच लागली. डाक्टर ओरडले, "हा दवाखाना आहे की देऊळ?" पण बायकांची खोली इतकी भरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती, म्हणून एकदा ओरडून ते गप्प झाले.

संध्याकाळी काम आटोपलं, की मोठी बाई पायरीवर बसून पट्टी सोडायची. बांगड्या एकेक बघायची, सगळ्या धड आहेत ना. मग हात हलवून वाजवायची आणि घरी जायची. रोज. त्या वेळी मी तिच्याजवळ बसायचे. तो आला नसल्याचं आम्ही दोघी बोलत नसू.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला एका दुपारी मी वाफारा देत होते. बाहेरून गाड्या जात होत्या. मोठी बाई एकदम थांबली. मलाही ऐकू आलं. खणखणाटात एक थडथड.

ती धावली. धावता धावता पट्टी सोडत होती, दातानं गाठ ओढत होती, म्हणजे त्याला आधी हिरव्या बांगड्या दिसाव्यात. पट्टी तिच्यामागं धुळीत लोंबत गेली. मी ती गोळा करत मागून पळाले. मला आठवतं, मी मनात देवाला म्हणत होते, आलाच आहे तर दाढी वाढलेला, वाळलेला कसाही येऊ दे.

बैल तेच होते. गाडीही तीच. वर बसलेला माणूस दुसरा होता.

त्यानं तिला पाहिलं आणि गाडी थांबवली. खाली उतरला, पण मान वर केली नाही. उगाच बैलाचं जोतं सोडू लागला. जोतं सोडायची ती जागा नव्हती.

"वयनी," तो म्हणाला. "बाळापूरच्या म्होरं. पटकीनं. येका दिसात. आमी तिथंच केलं सारं. मंग गाड्या पुढच्या मालाले धरल्या, सुटलोच नाई आतापावतर."

"कवा?" तिनं विचारलं.

"शिमग्याच्या आंदीच."

ती बैलाजवळ गेली आणि ती घाटी मुठीत धरून उभी राहिली. शिमग्याच्या आधी. म्हणजे पाडव्याला तो नव्हता. साहेब आला तेव्हा नव्हता. आम्ही ढिले वेढे देऊन एकेक काच जपत होतो, तेव्हाही नव्हता. हे माझ्या डोक्यात येत होतं, तसंच तिच्याही येत असणार. "पाहून राहिली काय पोरी," ती मला म्हणाली, "म्या त जपलं होतं."

मग बायका आल्या आणि तिला घेऊन गेल्या. पुढचं मी सांगत नाही.

सुतक फिटलं आणि ती कामावर आली, त्या सकाळी डाक्टर ओट्यावर उभे होते. पांढरं लुगडं, कोरं कपाळ, मोकळे हात. दातांवरचा काळा रंगही विटत चालला होता. त्यांनी आजवर जे जे मागितलं होतं, ते सगळं एका वेळी पुढं उभं होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान वळवली. त्या दिवशी आमची सकाळची पाहणी झाली नाही, आणि पुढंही कधी झाली नाही.

सांगाड्याकडंही ती गेली नाही. आत येऊन माझ्यापुढं बसली आणि दोन्ही हात पुढं केले. दाराशी एक बाळंतीण येऊन टेकली होती, तिची सासू आत डोकावत होती.

मी पट्टी घेतली. पहिला वेढा दिला, दुसरा दिला, आणि पट्टी सरसर घसरून मनगटावर गोळा झाली. पुन्हा बांधली, पुन्हा घसरली. तेव्हा मला कळलं, सवयीनं माझे हात पहिला वेढा ढिला ठेवत होते, काच दबू नये म्हणून.

मोठी बाई ते बघत होती.

"ओढून बांध पोरी," ती म्हणाली. "मी तुह्या हाताले बांधते तशी."